वळणाकडून कोनाकडे : जाड, अरुंद, तिरक्या सॅन्स सेरिफ टाइपाचा इतिहास

विषयप्रवेश

मुद्रणाच्या इतिहासाकडे पाहण्याची आपल्याकडील रूढ दृष्टी ग्रंथकेंद्री आहे. पहिला छापखाना कोठे निघाला, पहिले पुस्तक कोणते, पहिले वर्तमानपत्र कोणी काढले, या प्रश्नांचा शोध अभ्यासकांनी चिकाटीने घेतला. ज्या अक्षरांत हे सारे छापले गेले त्या अक्षरांच्या रूपाचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. बापूराव नाईक यांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा १९७१ साली प्रसिद्ध झालेला त्रिखंडात्मक ग्रंथ हा या बाबतीतला महत्त्वाचा अपवाद होय. पाश्चात्त्य देशांतही पुस्तकाच्या आतील मजकुराच्या टाइपाला जो मान मिळाला, तो भित्तिपत्रके, जाहिराती आणि मथळे यांच्या टाइपाला बराच काळ मिळाला नाही. निकोलेट ग्रे यांचा एकोणिसाव्या शतकातील अलंकृत टाइपांवरील ग्रंथ १९३८ साली, जेम्स मोस्ली यांचा सॅन्स सेरिफच्या उगमावरील निबंध १९६५ साली आणि रॉब रॉय केली यांचा अमेरिकन लाकडी टाइपावरील ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. या तीन लेखनांमुळे मथळ्याचा टाइप हा इतिहासाचा विषय ठरला.

प्रस्तुत लेखात अशाच एका टाइपाचा विचार केला आहे. जाड, अरुंद, तिरका आणि सेरिफ नसलेला असा हा रोमन लिपीतील टाइप आहे. खेळाच्या साहित्यावर, चित्रपटांच्या जाहिरातींत, सवलतीच्या विक्रीच्या फलकांवर आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो सर्वत्र आढळतो. तो इतका परिचित आहे की त्याला काही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. वस्तुतः त्याचे चार गुण चार वेगवेगळ्या काळांत आणि चार वेगवेगळ्या गरजांतून जन्मले. यांपैकी तिरकेपणा हा सर्वांत जुना. आरंभी ते एक स्वतंत्र हस्तवळण होते. जाहिरातीच्या टाइपात येईपर्यंत त्याचे रूपांतर केवळ एका कोनात झाले. हे रूपांतर कसे घडले आणि त्याचा देवनागरीतील लेखनाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

इटॅलिक : एक स्वतंत्र वळण

इटॅलिक टाइपाचा उगम व्हेनिस येथे झाला. आल्डस मॅन्युशियस या विद्वान मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने तो कोरला. १५०० साली सिएनाच्या संत कॅथरिनच्या पत्रसंग्रहातील एका काष्ठचित्रात या टाइपातील काही शब्द प्रथम दिसले. १५०१ साली व्हर्जिलच्या काव्याची छोट्या आकाराची आवृत्ती संपूर्णपणे याच टाइपात निघाली. इटलीतील मानवतावादी विद्वान आणि लेखनिक जे धावते अक्षर काढीत, त्यावर हा टाइप आधारलेला होता.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, त्या वेळी इटॅलिक हा उभ्या रोमन टाइपाचा दुय्यम सोबती नव्हता. संपूर्ण ग्रंथ त्यात छापले जात. दुसरी अशी की, त्याचे वेगळेपण तिरकेपणात नव्हते. आल्डसच्या इटॅलिकमधील मोठी अक्षरे तर उभीच होती. हात न उचलता लिहिल्यामुळे अक्षरांना आलेली जोड, अरुंद बांधा आणि काही अक्षरांचे बदललेले रूप ही त्याची खरी लक्षणे. हात वेगाने चालला की अक्षर उजवीकडे कलते. कल हा अशा रीतीने धावत्या लेखनाचा परिणाम होता.

सोळाव्या शतकाच्या ओघात इटॅलिकचे स्थान बदलले. उभा रोमन टाइप मजकुरासाठी स्थिरावला आणि त्याच पानावर अवतरणे, ग्रंथनामे, परभाषेतील शब्द किंवा विशेष भर दाखवण्यासाठी इटॅलिक वापरण्याची प्रथा रूढ झाली. एका वळणात दुसरे वळण मिसळले की वाचकाला फरक कळतो, हे या प्रथेमागील तत्त्व होते. दोन्ही वळणे हाताच्या दोन भिन्न परंपरांतून आलेली असल्यामुळे हा फरक सौम्य असूनही स्पष्ट असे.

सेरिफचा त्याग

रोमन अक्षरांच्या रेघांच्या टोकांना ज्या बारीक आडव्या रेषा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. अशा रेषा नसलेला आणि विक्रीसाठी सिद्ध केलेला पहिला ज्ञात मुद्रणटाइप लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनने १८१६ सालच्या नमुनापुस्तकात दाखवला. त्यात फक्त मोठी अक्षरे होती आणि त्याला 'इजिप्शियन' असे नाव दिलेले होते. त्याच्या रेघांची जाडी जवळजवळ समान होती.

हा टाइप जाहिरातीसाठी जन्मला असे समजणे बरोबर नाही. प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या आरंभीच्या शिलालेखांतील साध्या अक्षरांविषयी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वास्तुविशारदांना आकर्षण निर्माण झाले होते. सर जॉन सोन यांनी आपल्या आराखड्यांवर अशी अक्षरे वापरली होती. मोस्ली यांनी आपल्या निबंधात हाच धागा उलगडून दाखवला. सेरिफचा त्याग हा मुळात पुरातनाचा आदर होता. आधुनिकतेची खूण म्हणून त्याच्याकडे पुढे पाहिले गेले.

१८१९ साली कॅस्लनची ही ओतशाळा शेफील्ड येथील ब्लेक, गार्नेट या पेढीने विकत घेतली. हीच पेढी पुढे स्टीफन्सन ब्लेक या नावाने प्रसिद्धीस आली. १८३०च्या आसपास व्हिन्सेंट फिगिन्सने 'सॅन्स सेरिफ' हे नाव वापरात आणले. त्याच दशकात विल्यम थॉरोगुडने आपल्या अशा टाइपाला 'ग्रोटेस्क' म्हटले आणि त्यात लहान अक्षरेही दिली. टाइपाला 'विचित्र' या अर्थाचे नाव देऊन तो बाजारात आणला गेला, यावरून तत्कालीन वाचकाच्या डोळ्याला तो किती अपरिचित वाटला असेल याची कल्पना येते.

जाडी आणि जाहिरात

जाडीचा उगम मात्र निःसंशय बाजारपेठेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडनच्या ओतशाळांनी पुस्तकी टाइपाच्या रेघा फुगवून अतिशय जाड टाइप बनवले. रॉबर्ट थॉर्न हा या कामातील अग्रणी होता. १८२० साली त्याची फॅन स्ट्रीट ओतशाळा वर उल्लेखिलेल्या थॉरोगुडकडे आली. सरकारी सोडतीची तिकिटे विकणारे दलाल हे अशा टाइपाचे मोठे ग्राहक होते. इंग्लंडमधील ही सोडत १८२६ साली बंद झाली. परंतु तोपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्याचे लक्ष अक्षराच्या काळेपणाने वेधून घेता येते हे व्यापाऱ्यांना कळून चुकले होते.

याच ओतशाळेतून १८४५ साली रॉबर्ट बेझ्ली याने 'क्लॅरेंडन' हा टाइप आणला. तो सेरिफयुक्त होता, तरी दोन कारणांसाठी त्याचा येथे उल्लेख आवश्यक आहे. एक म्हणजे नव्या कायद्याखाली नोंदणी होऊन संरक्षण मिळालेला तो पहिला टाइप होय. हे संरक्षण तीन वर्षांचे होते. दुसरे म्हणजे मजकुराच्या टाइपासोबत त्याच ओळीत ठळक शब्द छापण्यासाठी तो उपयोगी पडला. शब्दकोशातील मूळ शब्द ठळक करण्याची आज सर्वपरिचित असलेली पद्धत या घडामोडीची वारसदार आहे. भर देण्याचे जे काम तीन शतके इटॅलिक करीत होते, त्यात आता जाडी भागीदार झाली.

रुंदीचे अर्थशास्त्र

टाइप अरुंद का करावा लागला, याचे उत्तर कागदाच्या आणि स्तंभाच्या मापात आहे. भित्तिपत्रकाची रुंदी ठरलेली असते. त्यावर एखादे लांबलचक नाव एकाच ओळीत आणि जास्तीत जास्त उंच अक्षरांत बसवायचे असेल, तर अक्षरांची रुंदी कमी करण्यावाचून दुसरा उपाय नसतो. अरुंद टाइप हा अशा प्रकारे लहान दिसण्यासाठी नव्हे, तर उपलब्ध रुंदीत मोठे दिसण्यासाठी घडवला गेला.

धातूचे फार मोठे खिळे ओतणे कठीण होते. ते जड आणि महाग असत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ साली लाकडी टाइप कोरण्यासाठी यांत्रिक राउटर वापरात आणला आणि १८२८ साली लाकडी टाइपाचे नमुनापुस्तक काढले. १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली. एका नमुन्यावरून निरनिराळ्या मापांची अक्षरे कोरणे त्यामुळे सुलभ झाले. त्यानंतर एकाच वळणाचे अरुंद, अधिक अरुंद आणि रुंद असे प्रकार मोठ्या संख्येने निघू लागले. अक्षराची रुंदी ही अक्षराच्या स्वभावाशी बांधलेली बाब न राहता कमीअधिक करता येण्याजोगे माप बनली.

वर्तमानपत्रांतही हेच घडले, पण त्याची कारणे वेगळी होती. ब्रिटनमध्ये १७१२ पासून जाहिरातींवर कर होता. तो १८५३ साली रद्द झाला. वृत्तपत्रांवरील मुद्रांकशुल्क १८५५ साली आणि कागदावरील कर १८६१ साली उठला. त्याआधी जागा महाग असल्याने मोठ्या अक्षरांना फारसा वाव नव्हता. अमेरिकेत १८४०च्या दशकात 'न्यूयॉर्क हेराल्ड'ने आपल्या स्तंभांत ठळक टाइपाच्या जाहिरातींना मज्जाव केला होता. त्यावर मात करण्यासाठी पुढच्या दशकात रॉबर्ट बॉनर या प्रकाशकाने तीच ओळ पुन्हा पुन्हा छापवून संपूर्ण स्तंभ भरण्याची युक्ती केली. शिवाय त्या काळातील वेगवान यंत्रांत खिळे थेट फिरत्या दंडगोलावर बसवत आणि स्तंभांमधील पट्ट्या त्यांना धरून ठेवीत. त्यामुळे मथळा एका स्तंभाची सीमा ओलांडू शकत नसे. १८६०च्या दशकात वक्र स्टिरिओटाइप पत्रे रूढ होऊ लागल्यावर ही अडचण दूर झाली. परंतु एका अरुंद स्तंभात एकाखाली एक मथळे रचण्याची सवय पुढेही राहिली आणि त्यासाठी अरुंद जाड टाइपाची मागणी कायम राहिली.

फ्रँकलिन गॉथिकची पासष्ट वर्षे

विसाव्या शतकाच्या आरंभी हे तिन्ही गुण एकत्र आले होते. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीचे मुख्य रचनाकार मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०२ साली 'फ्रँकलिन गॉथिक' आणि १९०३ साली 'ऑल्टरनेट गॉथिक' हे टाइप रचले. दुसरा टाइप तर एकाच जाडीचा, परंतु तीन निरनिराळ्या रुंदींचा होता. मथळा जुळवणाऱ्या जुळाऱ्याला उपलब्ध जागेनुसार त्यांतून निवड करता येई.

फ्रँकलिन गॉथिकची वंशावळ या दृष्टीने उद्बोधक आहे. मूळ जाड, उभा टाइप १९०२ चा. त्याचे अरुंद प्रकार अवघ्या चार-पाच वर्षांत निघाले. तिरका प्रकार १९१० साली आला. मात्र अरुंद आणि तिरका हे दोन्ही गुण एकत्र असलेला प्रकार व्हेडन डेव्हिस यांनी १९६७ साली त्यात जोडला. म्हणजे चारही गुण एका कुटुंबात एकत्र यायला पासष्ट वर्षे लागली. त्याआधी असे टाइप कोणी केलेच नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेल्या 'टेंपो' कुटुंबात जाड, अरुंद, तिरके प्रकार होते. तरीही एका इतक्या लोकप्रिय कुटुंबाला लागलेला हा विलंब अर्थपूर्ण आहे.

त्याचे एक कारण तांत्रिक होते. धातूचा खिळा चौकोनी असतो. तिरके अक्षर त्या चौकोनात नीट बसत नाही; त्याचा माथा शेजारच्या खिळ्यावर झुकतो आणि तो बाहेर आलेला भाग मोडतो. झुकू द्यायचे नसेल, तर अक्षरांत अंतर वाढते आणि अरुंद टाइपाचा मुख्य लाभच नाहीसा होतो. लिनोटाइप यंत्रात उभे आणि तिरके अक्षर बहुधा एकाच मातृकेवर कोरलेले असे, त्यामुळे दोन्हींची रुंदी सारखी ठेवणे भाग पडे. मथळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लडलो यंत्रात तिरक्या अक्षरांच्या मातृकाच तिरक्या केल्या जात आणि त्या जुळवण्यासाठी वेगळी स्टिक असे. वर्तमानपत्रांच्या आणि जाहिरातींच्या छापखान्यांत जाड तिरक्या मथळ्यांचा प्रसार होण्यात या साध्या युक्तीचा वाटा मोठा आहे.

वळणाकडून कोनाकडे

दुसरे कारण वैचारिक होते. सेरिफविरहित टाइपाला हस्तलेखनाची परंपरा नव्हती. मग त्याचे इटॅलिक कशावर आधारायचे? बहुतेक ओतशाळांनी यावर सोपे उत्तर शोधले. त्यांनी उभेच अक्षर उजवीकडे कलते केले. त्यात धावत्या हाताची जोड नव्हती आणि अक्षरांचे रूपही बदललेले नव्हते. बदलला होता तो केवळ कोन.

या व्यवहाराला तात्त्विक पाठबळही लाभले. स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९२६ साली 'द फ्ल्युरॉन' या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, रोमन टाइपाचा सोबती म्हणून आदर्श इटॅलिक हे तिरक्या रोमनसारखे असावे. धावते इटॅलिक स्वभावाने फार वेगळे असल्यामुळे ते मजकुराची एकरूपता बिघडवते, असा त्यांचा मुद्दा होता. हा विचार पुस्तकी टाइपात टिकला नाही. मॉरिसन यांच्याच देखरेखीखाली १९३२ साली वापरात आलेल्या 'टाइम्स न्यू रोमन'चे इटॅलिक त्या आदर्शाला धरून नव्हते. सॅन्स सेरिफमध्ये मात्र तिरके केलेले रूप हाच सर्वसाधारण नियम राहिला. एरिक गिल यांच्या १९२८ सालच्या 'गिल सॅन्स'च्या इटॅलिकमध्ये काही अक्षरांना धावत्या हाताचे वळण आहे. पण ते अपवादात्मक ठरते.

१९५७ साली पॅरिसच्या दबेर्नी ए पेन्यो ओतशाळेने आद्रियाँ फ्रुटिगर यांचा 'युनिव्हर्स' प्रसिद्ध केला, तेव्हा या प्रक्रियेला पद्धतशीर रूप मिळाले. युनिव्हर्सचे २१ प्रकार एकाच वेळी आखलेले होते आणि त्यांना नावांऐवजी दोन अंकी क्रमांक होते. पहिला अंक जाडी दाखवी. दुसरा अंक रुंदी आणि कल दाखवी. ५५ हा मूळ टाइप, ६५ हा जाड, ६७ हा जाड आणि अरुंद, तर ६८ हा जाड, अरुंद आणि तिरका. साडेचारशे वर्षांच्या कालावधीत वेगवेगळ्या कारणांनी जन्मलेले गुण या कोष्टकात शेजारशेजारच्या चौकटींत येऊन बसले. इटॅलिक हे येथे वळण राहिले नाही; ते कोष्टकातील एक स्थान झाले.

फ्रुटिगर स्वतः कुशल कारागीर होते. अक्षर नुसते कलते करून चालत नाही, हे ते जाणत होते. सरळ वर्तुळ यांत्रिक रीतीने उजवीकडे ढकलले, तर त्याच्या उजव्या वरच्या आणि डाव्या खालच्या भागात रेघ जाड होते आणि उरलेल्या दोन भागांत ती बारीक होते. टाइप जितका जाड, तितका हा दोष अधिक दिसतो. आणि टाइप जितका अरुंद, तितकी अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा लवकर बुजते. म्हणून चांगल्या तिरक्या टाइपात प्रत्येक वळसा पुन्हा आखावा लागतो. कोष्टकात एका अंकाने दाखवलेल्या बदलामागे असे हाताचे काम होते.

पुढच्या पिढीच्या साधनांनी हे काम वगळण्याची सोय केली. फोटोटाइपसेटिंगमध्ये भिंगाने आणि नंतर विद्युत्-यंत्रणेने अक्षर तिरके करता येऊ लागले. १९८५ च्या सुमारास वैयक्तिक संगणक आणि लेसर मुद्रक एकत्र आले. त्यानंतर हीच सोय एका कळीवर आली. शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेकने १९६५ साली जेफ्री ली यांचा 'इम्पॅक्ट' हा जाड, अरुंद टाइप धातूत ओतला होता. १८१६ चा कॅस्लनचा टाइप ज्या पेढीकडे वारशाने आला, तिचाच हा उत्तरकालीन टाइप. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटसाठी मोफत वितरित केलेल्या टाइपांत त्याचा समावेश झाला. त्याला तिरका प्रकार नव्हता. ज्यांनी तो तिरका वापरला, त्यांना संगणकाने क्षणार्धात तयार केलेले रूप मिळाले.

या टाइपाचा अर्थही या काळात बदलत गेला. उजवीकडे कललेले जाड अक्षर पुढे झेपावल्यासारखे भासते. म्हणून मोटारी, क्रीडासाहित्य आणि मालवाहतूक यांच्या बोधचिन्हांत ते वेगाचे चिन्ह ठरले. १९८०च्या दशकात अमेरिकन कलावती बार्बरा क्रूगर यांनी 'फ्यूचुरा'चे जाड तिरके रूप लाल पट्ट्यांवर वापरून जाहिरातीच्याच आवाजात जाहिरातसंस्कृतीला प्रश्न विचारले. त्यांची टीका परिणामकारक ठरली, कारण त्या अक्षराचा हुकमी सूर प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता.

देवनागरीचा प्रश्न

हा इतिहास रोमन लिपीचा असला, तरी त्याचा शेवट रोमन लिपीपाशी होत नाही. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर जाड आणि तिरके करण्याच्या कळा शेजारीशेजारी असतात. त्या देवनागरीलाही तितक्याच सहजतेने लागू होतात. शोधनिबंधाच्या संदर्भपद्धतीत ग्रंथनाम तिरक्या अक्षरांत द्यावे, असा नियम इंग्रजीतून आला आणि अनेक ठिकाणी मराठी लेखनालाही तो जसाच्या तसा लावला गेला. प्रश्न असा की, देवनागरीत या तिरकेपणाला कोणता आधार आहे?

मराठीला धावत्या हाताची परंपरा नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली मोडी ही हात न उचलता लिहिण्याचीच लिपी होती आणि पोथ्या-ग्रंथांसाठी बाळबोध वापरली जाई. कार्याच्या दृष्टीने पाहिल्यास बाळबोध आणि मोडी यांचे नाते हे काही अंशी रोमन आणि इटॅलिक यांच्या आरंभीच्या नात्यासारखे होते. मोडीचे खिळेही पाडले गेले होते. सेरामपूर येथे १८१० साली विल्यम कॅरी यांचा मराठी शब्दकोश मोडी टाइपात छापला गेला. परंतु बाळबोध मजकुरात भर देण्यासाठी मोडी शब्द मिसळण्याची प्रथा कधी पडली नाही. जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. या छापखान्याच्या सुबक टाइपांनी देवनागरी मुद्रणाचा जो आदर्श घालून दिला, तो उभ्या बाळबोध अक्षराचाच होता. भर देण्यासाठी मोठा टाइप, ठळक टाइप, अवतरणचिन्हे किंवा अधोरेखा ही साधने मराठी मुद्रणात पुरेशी ठरली. फलक रंगवणाऱ्या कलाकारांनी आणि चित्रपटांच्या भित्तिपत्रकांनी देवनागरी अक्षर तिरकेही काढले. पण तेथे प्रत्येक अक्षर हाताने आखलेले असे.

यांत्रिक कल देवनागरीला अधिक जाचक होतो. त्याची कारणे लिपीच्या रचनेत आहेत. कल देताना अक्षराचा प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात सरकतो. १२ अंशांच्या कलात दर दहा एकक उंचीमागे हे सरकणे सुमारे दोन एकक असते. शिरोरेषा आडवी असल्यामुळे ती आडवीच राहते. तिच्या खालचा काना मात्र कलतो. शिरोरेषेच्या वरची वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या हद्दीत जातात. अक्षराखालील उकार आणि ऋकार डावीकडे जातात. टाइप जाड आणि अरुंद असला, तर 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांसारख्या जोडाक्षरांच्या पोटातील जागा आधीच कमी असते. कल दिल्यावर ती आणखी विकृत होते. ज्या लिपीत वरखाली लागणारी चिन्हे अर्थाचा भाग आहेत, त्या लिपीत अशी सरमिसळ केवळ सौंदर्याची हानी करत नाही, तर ती वाचनातही अडथळा आणते.

देवनागरीच्या जाणकार रचनाकारांनी अवलंबलेला मार्ग या संदर्भात लक्षणीय आहे. र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा टाइप विंडोज २००० या प्रणालीबरोबर लक्षावधी संगणकांवर पोहोचला. त्याला स्वतंत्र तिरके रूप नाही. तो तिरका केला असता दिसते ते प्रणालीने तयार केलेले रूप असते. रचनाकाराचा त्याच्याशी संबंध नसतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या 'अनेक' या बहुलिपी टाइपात जाडी आणि रुंदी हे दोन अक्ष आहेत. कलाचा अक्ष नाही. जाड आणि अरुंद देवनागरी मथळ्याची खरी गरज त्यातून भागते. म्हणजे या लेखात विचारात घेतलेल्या चार गुणांपैकी जाडी आणि रुंदी देवनागरीने आपल्या गरजेप्रमाणे पचवली. तिरकेपणा मात्र बव्हंशी तंत्राच्या आणि परकीय नियमांच्या मार्गाने आला.

२०१६ साली जाहीर झालेल्या परिवर्ती टाइपाच्या तांत्रिक मानकाने इटॅलिक आणि कल यांना दोन वेगवेगळे अक्ष मानले आहे. वळण आणि कोन या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही इतिहासाची साक्ष अशा रीतीने तंत्रज्ञानाच्या परिभाषेतही उतरली आहे. संगणकाच्या कळीने पुसून टाकलेला भेद तंत्रज्ञांनाच पुन्हा नोंदवावा लागला.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. जाड, अरुंद, तिरका सॅन्स सेरिफ हा एका व्यक्तीचा किंवा एका काळाचा शोध नाही. पुस्तकातील धावते वळण, पुरातन शिलालेखांचे आकर्षण, जाहिरातीचा काळेपणा आणि मर्यादित जागेचे अर्थशास्त्र हे चार प्रवाह त्यात मिळाले आहेत.

२. या प्रवासात जाडी आणि रुंदी यांचे कार्य मूळ हेतूशी सुसंगत राहिले. इटॅलिकचे स्वरूप मात्र मुळातून बदलले. हाताच्या एका परंपरेचे रूपांतर आधी कोनात, मग क्रमांकात आणि शेवटी कळीत झाले.

३. देवनागरीत भर देण्यासाठी तिरकेपणाचा वापर हा लिपीच्या परंपरेतून आलेला नाही. मराठी संशोधनलेखनात ग्रंथनामांसाठी एकेरी अवतरणचिन्हे किंवा ठळक टाइप यांचा वापर अधिक सुवाच्य आणि परंपरेशी अधिक सुसंगत आहे. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनी शोधप्रबंधांची नियमावली करताना या बाबीचा स्वतंत्र विचार करणे इष्ट होय. मथळ्यासाठी किंवा जाहिरातीसाठी तिरके देवनागरी हवेच असेल, तर ते त्या हेतूने आखलेले असावे.

इंग्रजीतील नियम इंग्रजी लिपीच्या इतिहासातून घडले. तो इतिहास तपासल्याखेरीज नियम स्वीकारले, तर लिपीला तिच्या स्वभावाविरुद्ध वाकावे लागते. मराठीच्या प्राध्यापकांसमोर शोधप्रबंधाच्या रूपाने हा प्रश्न वर्षानुवर्षे येत आहे. त्याचे उत्तर आपल्या लिपीच्या मुद्रणपरंपरेच्या अभ्यासातूनच मिळू शकते.